स्ट्रेंग्थ ९६, क्वालिटी २२: एका छतावरच्या अँटेनाचं प्रकरण

"हे बघ, सिग्नल ९६ टक्के. याहून जास्त काय हवं? तरी चित्र फुटतंच," असं म्हणत काकांनी रिमोट माझ्या हातात दिला. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. वरची 'स्ट्रेंग्थ', हिरवीगार, ९६ वर स्थिर. खालची 'क्वालिटी', लाल, कधी १८ तर कधी २६. चार वर्षं काका फक्त वरच्या पट्टीकडे बघत आले होते. त्यांच्याकडे येऊन गेलेल्या दोन्ही फिटरांनीही तेच केलं होतं.

फुकट प्रक्षेपणाचा टीव्ही म्हणजे घरात ना डिश, ना मासिक वर्गणी. छतावर एक अँटेना, खाली एक केबल, बस्स. व्यवस्था इतकी साधी असल्यामुळे बिघाड झाला की सगळे अँटेनाकडेच बोट दाखवतात आणि आणखी मोठा अँटेना आणतात. या घरात तसं दोनदा झालं होतं. नेहमी होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका इथे एकाच छतावर जमल्या होत्या, आणि त्या एकेक करून सोडवताना कशामुळे किती फरक पडला हे मला वहीत टिपता आलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

काय होतं, कसं होतं

घर दुमजली, उतरत्या छपराचं. टीव्हीचा मुख्य टॉवर ईशान्येला, नकाशावर मोजलं तर ४१ किलोमीटर. टॉवरवरचे अँटेना जमिनीपासून सुमारे १६० मीटर उंचीवर. काकांचा अँटेना छपराच्या बरोब्बर मधोमध, आढ्यावर बांधलेल्या लोखंडी पाइपावर, जमिनीपासून साधारण ११ मीटर. जवळपास दीड मीटर लांबीचा, दाट काड्यांचा. खोक्यावर 'लांब पल्ला' आणि 'सर्व वाहिन्या' असं छापलेलं. त्याच्या पोटातच बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र होतं. बूस्टरला वीज देणारा छोटा अडॅप्टर खाली टीव्हीमागे लावलेला.

केबल आढ्यावरून भिंतीला, भिंतीवरून मागच्या बाजूला, तिथून वळसा घालून घरात येत होती. मध्ये एक जोड होता. घरात शिरल्यावर सिग्नल वाटून देणारा चार तोंडांचा स्प्लिटर. टीव्ही दोनच, उरलेली दोन तोंडं उघडी. अँटेनापासून बैठकीतल्या टीव्हीपर्यंत एकूण ४२ मीटर जुनी, बारीक आरजी-५९ केबल.

तक्रारी तीन होत्या. वाऱ्यात चित्राचे ठोकळे होतात. संध्याकाळी जास्त त्रास होतो. आणि एक संच, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरून येणाऱ्या चार वाहिन्या, कधीच दिसलेल्या नाहीत. काकूंची चौथीही तक्रार होती: "बातम्या नीट दिसतात रे, पण गाण्यांचा कार्यक्रम लागला की नेमका आवाज तुटतो." ती मी तेव्हाच लिहून घेतली आणि पुढे ती फार उपयोगी पडली. बातम्या आणि गाणी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवरून येत होत्या, म्हणजे बिघाड सगळीकडे सारखा नव्हता.

जुन्या अॅनालॉग काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, चित्राला सावली यायची, तरी बघता यायचं. डिजिटलमध्ये तसं होत नाही. ठरावीक पातळीपर्यंत चित्र स्वच्छ असतं, आणि त्याच्या थोडं खाली गेलं की एकदम ठोकळे, मग काळा पडदा. त्यामुळे 'बरं चालतंय' आणि 'अजिबात चालत नाही' यांत कधीकधी फक्त दोन-तीन डेसिबलचं अंतर असतं. (डेसिबल हे ताकद पटींत मोजायचं माप: तीन वाढले की ताकद दुप्पट, दहा वाढले की दहापट.) पान हललं, पाऊस पडला, कनेक्टर थोडा सैल झाला की तेवढं अंतर संपतं. काकांचा टीव्ही चार वर्षं याच कड्यावर उभा होता.

छतावर जाण्याआधी

पहिलं काम कागदावरचं. टॉवर नजरेच्या टप्प्यात येतो का? यासाठी एक सोपं सूत्र आहे: दोन्ही टोकांच्या उंचींची मीटरमध्ये वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. टॉवरचे १६० मीटर म्हणजे १२.६५, घराचे ११ मीटर म्हणजे ३.३२. बेरीज १५.९७, गुणाकार जवळजवळ ६६ किलोमीटर. घर ४१ वर आहे. म्हणजे पृथ्वीची गोलाई आड येत नव्हती. (नुसत्या भूमितीने ४.१२ ऐवजी ३.५७ येतात. रेडिओलहरी हवेच्या थरांत थोड्या खाली वाकतात, म्हणून त्यांचं क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा जरा लांब असतं.) नकाशावरच्या उंचीच्या रेषा पाहिल्या, मध्ये मोठा डोंगर नव्हता. तेव्हा 'लांब पल्ल्या'च्या अँटेनाची या घराला मुळात गरजच नव्हती, हे इथेच बऱ्यापैकी स्पष्ट झालं.

दुसरं, टॉवरवरून नक्की कोणत्या फ्रिक्वेन्सी निघतात याची यादी. टीव्हीवर दिसणारा वाहिनीचा क्रमांक ही फक्त दारावरची पाटी असते, त्यावरून फ्रिक्वेन्सी कळत नाही. ती टीव्हीच्या सिग्नल-माहितीच्या पानावर किंवा प्रक्षेपकाने जाहीर केलेल्या तक्त्यात मिळते. इथे पाच होत्या: १९८.५, ५२२, ५६२, ६१८ आणि ६७४ मेगाहर्ट्झ. कधीच न दिसलेला संच १९८.५ चा, म्हणजे व्हीएचएफ या खालच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यातला. बाकीचे चारही त्याच्या वरच्या, यूएचएफ पट्ट्यातले.

यादी हातात आली आणि मी मोजपट्टी घेऊन वर गेलो. अँटेनाच्या काडीची लांबी लहरीच्या लांबीशी बांधलेली असते. प्रकाशाच्या वेगाने जाणारी १९८.५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे १.५१ मीटर लांब असते, तिच्यासाठी अर्ध्या लहरीची, म्हणजे प्रत्यक्षात ७२ सेंटिमीटरच्या आसपासची काडी लागते. काकांच्या अँटेनावरची सगळ्यात लांब काडी ३१ सेंटिमीटर भरली. ती ४७० मेगाहर्ट्झच्या आसपासची, यूएचएफ पट्टा जिथे सुरू होतो तिथली. खोक्यावर 'सर्व वाहिन्या' छापलेलं असलं तरी त्या अँटेनाला व्हीएचएफ ऐकू येणंच शक्य नव्हतं. अँटेना घेताना मोजपट्टी सोबत ठेवा, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. खोक्यावर काहीही छापता येतं. काडीची लांबी मात्र खरी असते.

बूस्टरने काय केलं होतं

आता त्या ९६ टक्क्यांकडे. सोबत मी हातात धरायचा सिग्नल मीटर नेला होता. तो पातळी डेसिबल-मायक्रोव्होल्टमध्ये दाखवतो आणि त्याशिवाय एमईआर नावाचा आकडा देतो. हा आकडा सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगतो. या प्रक्षेपणासाठी तो २५ च्या वर असला तर मी निर्धास्त असतो. काकांच्या टीव्हीमागे ५६२ वर पातळी ७४, एमईआर १६, तोही खालीवर होणारा. आवाज भरपूर, शब्द मात्र कळत नाहीत अशी अवस्था.

कारण घराच्या नैऋत्येला होतं. साधारण ३०० मीटरवर मोबाइलचा मनोरा. अंतर वाढलं की लहरीची ताकद अंतराच्या वर्गाने घटते. टीव्हीचा टॉवर ४१ किलोमीटरवर, मोबाइलचा ०.३ वर. अंतरांचं गुणोत्तर सुमारे १३७, त्याचा वर्ग सुमारे १८,७००. टीव्हीचा प्रक्षेपक मोबाइलपेक्षा हजारपट ताकदीचा धरला तरी छतावर पोचेपर्यंत मोबाइलचं पारडं जवळजवळ १९ पट जड. हा हिशेब ढोबळ आहे, मधले अडथळे आणि अँटेनांची दिशा यात धरलेली नाही. पण प्रश्न कोणत्या मापाचा आहे ते यावरून कळतं.

यात भर म्हणजे अँटेना जुन्या पट्ट्यासाठी बनवलेला. अनेक देशांत टीव्हीचा यूएचएफ पट्टा एकेकाळी ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत होता. मोबाइलसाठी वरचा भाग काढून घेतला गेला, मर्यादा आधी ७९० वर आणि पुढे ६९४ वर आली. ८६२ पर्यंत ऐकणारा अँटेना त्यामुळे आता अशा जागी कान लावून बसतो जिथे टीव्ही नाही, मोबाइल आहे. त्याच्या पोटातला बूस्टर हे सगळं एकत्र वाढवतो. त्याला टीव्ही कोणता आणि मोबाइल कोणता ते समजत नाही. येणारा सिग्नल त्याच्या आवाक्याबाहेर गेला की तो स्वतःच विकृती तयार करतो आणि ती टीव्हीच्या फ्रिक्वेन्सींवर सांडते. संध्याकाळी त्रास वाढायचा त्याचंही एक कारण मला इथे दिसलं: त्या वेळी लोक फोन जास्त वापरतात, मनोऱ्यावरचा भार वाढतो.

मी काकांना म्हटलं, "आपण बूस्टर काढून बघू."

"अरे, तो काढला तर उरलेलंही जाईल."

"एकदा बघू तर. नाही जमलं तर परत लावून देतो."

नुसता अडॅप्टर काढून चालत नाही, कारण वीज नसलेला बूस्टर बहुतेक वेळा सिग्नल अडवूनच धरतो. म्हणून अँटेनाची जोडपेटी उघडायला वर गेलो.

त्या पेटीचं चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चारही बाजूंनी सिलिकॉन इतकं थापलेलं की पेटीला तळाशी एक बारीक छिद्र असतं तेसुद्धा बुजलेलं. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. पेटी कितीही घट्ट असली तरी दिवसा तापते, रात्री गार होते, आत दव धरतं, आणि ते पाणी याच छिद्रातून गळून जातं. इथे त्याला वाटच नव्हती. स्क्रू सोडून झाकण वाकडं केलं तशी चमचाभर पिवळट पाण्याची धार माझ्या मनगटावरून ओघळली. आतल्या पाटीवरचा तांब्याचा रंग गेला होता, जोडाजवळ हिरवी बुरशीसारखी पूड साठली होती. सिलिकॉनचा काही प्रकार वाळताना शिरक्यासारखा वास सोडतो. तो वास अॅसेटिक आम्लाचा, आणि ते आम्ल तांब्याला खातं. पाणी बाहेर ठेवण्यासाठी केलेल्या उपायानेच पाणी आत कोंडलं गेलं होतं.

भिंतीवरचा मधला जोड तर केबलला चिकटपट्टी गुंडाळून केलेला. पट्टी सोलली तेव्हा आतली विणलेली जाळी काळी पडलेली दिसली. केबल दीड हात कापली, तरी काळीच. जाळीत शिरलेलं पाणी केबलभर आतल्या आत सरकत जातं, म्हणून नुसता जोड बदलून भागत नाही. ती केबल मी तिथेच बाद ठरवली.

पेटी वगळून, तात्पुरत्या नव्या केबलने अँटेना थेट मीटरला लावला. पातळी ७४ वरून ४७ वर आली. एमईआर १६ वरून २२ वर गेला. सिग्नल ५०० पट लहान झाला आणि चित्र सुधारलं. काका मीटरकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण गोंगाटच वाढवत होतो."

जागा शोधणं

पण २२ पुरेसे नव्हते. वारा आला की ते १८ वर घसरत होते, आणि कारण डोळ्यांना दिसत होतं. आढ्यावर उभं राहून ईशान्येकडे पाहिलं की सुमारे २५ मीटरवर दोन मोठी झाडं, आणि अँटेनाची रेषा बरोबर एका झाडाच्या शेंड्यातून जात होती. पानं ओली असली की यूएचएफ लहरी बऱ्याच खातात, आणि हलली की सिग्नल सतत वरखाली होतो. झाडं तोडायचा विचार कोणाच्याही मनात नव्हता आणि नसावाही.

इथे मी दिवसाचा सगळ्यात जास्त वेळ घालवला. एका हलक्या लाकडी काठीला छोटा चाचणीचा अँटेना बांधला, कंबरेला दोर अडकवला आणि छतावरच्या अकरा जागा एकेक करून तपासल्या. प्रत्येक जागी काठी धरायची, वीस सेकंद थांबायचं, पाचही फ्रिक्वेन्सींचे आकडे सांगायचे. काकू खाली खुर्ची टाकून वही घेऊन बसल्या होत्या आणि मी ओरडून सांगितलेला प्रत्येक आकडा त्या परत उच्चारून खात्री करून घेत होत्या. पूर्वी 'आलं का?' 'आलं, आलं, थांब, गेलं!' असं चालायचं. या वेळी फरक एवढाच की 'आलं' ऐवजी आकडा होता.

वहीतलं ते पान पाहण्यासारखं आहे. चाचणीच्या अँटेनावर, ५६२ मेगाहर्ट्झला, आढ्याच्या मध्यावर पातळी ४४. तिथून मीटरभर डावीकडे ४१. त्याच खांबावर मीटरभर वर ४३, म्हणजे उंची वाढवून काहीच मिळालं नाही. पूर्वेकडच्या टोकाला, आढ्यापासून पाच मीटर बाजूला आणि दीड मीटर खाली, ५५. मी तो आकडा काकूंना दोनदा सांगितला, कारण माझाच विश्वास बसेना. काठी अर्धा मीटर इकडेतिकडे केली तरी ५३ च्या खाली गेला नाही. त्या कोपऱ्यातून रेषा दोन्ही झाडांच्या मधल्या फटीतून निघत होती.

'जितका उंच तितका चांगला' हे साधारणपणे खरं असतं, प्रत्येक छतावर खरं नसतं. थेट आलेली लहर आणि जमिनीवरून किंवा शेजारच्या पत्र्यावरून उसळून आलेली लहर यांची जागोजागी बेरीज-वजाबाकी होत असते. यूएचएफमध्ये लहरच अर्धा मीटर लांब, त्यामुळे हातभर सरकल्यावरही चित्र पालटू शकतं. ११ डेसिबल म्हणजे बारापटीहून जास्त ताकद. बाजारातला कुठलाही मोठा अँटेना मधल्या जागी एवढी भर घालू शकला नसता. मला विचाराल तर, ज्याला एकच दिवस मिळाला आहे त्याने अँटेनांची तुलना करण्यात तो घालवू नये, छतावर काठी घेऊन फिरण्यात घालवावा.

अँटेनाची निवड

आता निवड सोपी झाली. दोन पर्याय होते. एक म्हणजे यागी-उडा जातीचा यूएचएफ अँटेना आणि सोबत वेगळा व्हीएचएफ, दोन्ही एका कंबायनरने, म्हणजे दोन सिग्नल एका केबलवर आणणाऱ्या पेटीने जोडून. दुसरा, दोन्ही पट्टे एकाच दांड्यावर पेलणारा लॉग-पिरिऑडिक.

यागी-उडा ही रचना जपानमध्ये शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये मांडली. एक सक्रिय काडी, तिच्या मागे परावर्तक, पुढे दिशादर्शक काड्यांची रांग. थोड्या फ्रिक्वेन्सींच्या टप्प्यात ती उत्तम ताकद देते, पण टप्पा रुंद केला की तडजोड करावी लागते. लॉग-पिरिऑडिक १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विकसित झाला. त्याच्या सगळ्याच काड्या जोडलेल्या असतात, लांबी आणि अंतर ठरावीक गुणोत्तराने घटत जातं, आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सी आपापल्या मापाच्या काड्या निवडून घेते. ताकद बेताची, पण सगळ्या पट्ट्यात बऱ्यापैकी सारखी, आणि पाठीमागून येणारं बऱ्यापैकी अडवणारी.

इथे पाचही फ्रिक्वेन्सी एकाच टॉवरवरून येत होत्या, कोपऱ्यात सिग्नल भरपूर होता आणि मोबाइलचा मनोरा जवळजवळ बरोब्बर पाठीमागे. म्हणून १७० ते ६९४ मेगाहर्ट्झचा, १.४ मीटर लांबीचा लॉग-पिरिऑडिक घेतला, बूस्टर नसलेला. काका खोक्यावरचा आकडा वाचून जरा हिरमुसले. जुन्यावर १६ डेसिबल लिहिलं होतं, यावर ८. त्यांना मी वहीतलं पान पुन्हा दाखवलं. आठ गमावले, जागेने अकरा कमावले.

सोबत ६९४ च्या वरचं सगळं कापणारा छोटा फिल्टर. बूस्टर नसताना त्याची निकड तितकी उरत नाही, पण टीव्हीच्या ट्यूनरलाही जवळच्या मोबाइलचा जाच होतो, म्हणून लावला. ज्यांना खरोखरच बूस्टर लागतो त्यांनी एक लक्षात ठेवावं: फिल्टर बूस्टरच्या आधी हवा. नंतर लावलेला फिल्टर बिघडलेलं दूध गाळण्यासारखं आहे.

केबल आरजी-६, पूर्ण तांब्याच्या जाळीची. तिच्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण लोक केबलच्या जातीला फार महत्त्व देतात. ५५० मेगाहर्ट्झच्या आसपास चांगली आरजी-६ शंभर मीटरमागे सुमारे १६ डेसिबल खाते, आरजी-५९ सुमारे १९.५. काकांच्या ४२ मीटरवर हा फरक जेमतेम दीड डेसिबल भरतो. खरी बचत लांबी कमी करण्यात होती: कोपऱ्यातून सरळ खाली आणि खिडकीच्या चौकटीशेजारून आत, एकूण २६ मीटर, मध्ये एकही जोड नाही. दुसरी बचत स्प्लिटरमध्ये. चार तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला पाव हिस्सा देतो, म्हणजे सात डेसिबलच्या वर तोटा. दोन तोंडांचा अर्धा देतो, साडेतीनच्या थोडा वर. ज्या दोन खोल्यांत टीव्हीच नव्हता त्यांच्या वाट्याला गेलेला अर्धा सिग्नल परत मिळाला. केबल आणि स्प्लिटर मिळून तोटा साडेपंधरावरून आठवर आला.

बसवणं

वर चढण्याआधी आम्ही विजेच्या तारा पाहिल्या. खांब आणि अँटेना मिळून जेवढी लांबी होते, खांब कोणत्याही बाजूला पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर हवं. ते नसेल तर ती जागा सोडायची, मग सिग्नल कितीही चांगला असो. इथे तार रस्त्याच्या बाजूला, बरीच लांब होती. तरी माझ्यासोबत खाली दुसरा माणूस होता, हवा शांत होती, आणि शिडीचे पाय बांधलेले होते.

भिंतीला दोन कंस, एकमेकांपासून पाऊण मीटरवर, त्यांत जस्ताचा मुलामा दिलेला पाइप. यू-बोल्ट आधी हातानेच घट्ट केले, म्हणजे अँटेना फिरवता यावा. काड्या आडव्या ठेवल्या. टॉवरची लहर आडवी की उभी ते प्रक्षेपकाच्या तक्त्यात असतं, आणि तक्ता नसेल तर आजूबाजूच्या छतांवरच्या काड्या कशा आहेत ते पाहावं. मोठे टॉवर बहुधा आडवे असतात, छोटे पूरक टॉवर पुष्कळदा उभे.

दिशेसाठी होकायंत्रावर विसंबलो नाही. लोखंडी पाइपाशेजारी सुई भरकटते. नकाशावर घरापासून टॉवरपर्यंत रेघ ओढली, ती दीड किलोमीटरवरच्या एका पाण्याच्या टाकीच्या डाव्या कडेवरून जात होती. अँटेना त्या कडेवर रोखला. मग मीटर बघत हळूहळू डावीकडे फिरवत नेलं, एमईआर पडायला लागला ती जागा पाइपावर खडूने खुणावली. उजवीकडेही तसंच. दोन खुणांच्या मधोमध अँटेना पक्का केला. शिखर शोधण्यापेक्षा दोन्ही कडा शोधून मध्य काढणं जास्त भरवशाचं, कारण शिखर सपाट असतं आणि डिजिटल मीटरला आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात.

कनेक्टर दाबून बसवायच्या प्रकारचे लावले. गाभ्याची तार कडेच्या बाहेर जेमतेम तीन मिलिमीटर. जाळीचा एखादा केस जरी गाभ्याला टेकला तरी सगळं बंद पडतं, म्हणून प्रत्येक टोक उजेडात धरून पाहिलं. बाहेरच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी, खालून वर ताणत गुंडाळलेली. पेटीच्या तळाचं छिद्र उघडं ठेवलं. खिडकीशी केबल आत वळण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून टपकतं, भिंतीत शिरत नाही.

पाइपाला तांब्याच्या जाड तारेने अर्थिंग केलं, केबलची जाळीही घरात शिरण्याआधी अर्थिंग-ठोकळ्यावरून नेली, आणि दोन्ही घराच्या मूळ अर्थिंगला जोडून घेतली. जुन्या खांबाला यांतलं काहीच नव्हतं. थेट वीज पडली तर हे सगळं वाचेलच असं नाही, पण ढगाळ वादळी हवेत खांबावर साठत जाणारा भार शांतपणे जमिनीत उतरतो. हे काम वीजतंत्र्याकडून तपासून घेतलं, आणि तसंच घ्यावं.

आकडे, आणि जे सुटलं नाही

बैठकीतल्या टीव्हीमागे शेवटचे आकडे असे आले: १९८.५ वर पातळी ५१, एमईआर २८. ५२२ वर ५४ आणि २९. ५६२ वर ५३ आणि २९. ६१८ वर ५२ आणि २८. ६७४ वर ४९ आणि २६. टीव्हीची स्ट्रेंग्थ-पट्टी ९६ वरून ६४ वर आली होती, क्वालिटी १०० वर स्थिर. काकांनी स्वतः रिमोट घेऊन सगळ्या वाहिन्या पुन्हा शोधायला लावल्या. कधीच न दिसलेल्या चार वाहिन्या यादीत आल्या तेव्हा ते दर वाहिनीचं नाव मोठ्याने वाचत होते. काकूंनी गाण्यांचा कार्यक्रम लावला, आवाज वाढवला आणि पूर्ण होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

एक गोष्ट मात्र मी त्यांना देऊ शकलो नाही. आग्नेयेला, ७० किलोमीटरवर दुसरा एक टॉवर आहे, त्यावरची एक वाहिनी काकांना हवी होती. दुसरा अँटेना तिकडे रोखून पहिल्याला जोडता येईल का, असं त्यांनी विचारलं. दोन रुंद पट्ट्यांचे अँटेना साध्या स्प्लिटरने एकत्र जोडले की पहिल्या टॉवरचा सिग्नल दुसऱ्या अँटेनातूनही, थोडा उशिरा, थोडा वाकडा येतो आणि चांगल्या चाललेल्या वाहिन्यांनाच ओरबाडतो. वेगळी केबल आणि टीव्हीपाशी स्विच, हा खरा मार्ग. पण ७० किलोमीटर म्हणजे आपल्या सूत्राच्या ६६ च्या पलीकडे, शिवाय त्या टॉवरची उंचीही कमी. मी काठी घेऊन तेही पाहिलं. एमईआर १४ च्या वर गेला नाही. "होणार नाही, काका. खर्च करू नका," असं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, मलाही.

दुसरं, अगदी शांत, उष्ण रात्री ६७४ कधीकधी तासभर अडखळतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम असा उलटा थर बनला की लांबच्या टॉवरच्या लहरी वाकून इथपर्यंत येतात, आणि तीच फ्रिक्वेन्सी वापरणारा कुठला तरी दूरचा टॉवर मध्ये बोलू लागतो. सकाळी ते आपोआप जातं. अशा रात्री अँटेना हलवायचा नाही, हे मी काकांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

एक पावसाळा उलटल्यावर मी परत गेलो. बाहेरच्या कनेक्टरवरची रबरी पट्टी चिरून काढली. आत कोरडं होतं, गाभ्याची तार पहिल्या दिवशीसारखी तांबूस. पाचही आकडे घेतले, सगळ्यात मोठा फरक एका डेसिबलचा. नवी पट्टी गुंडाळून खाली उतरलो तेव्हा काकूंनी वही उघडून तारीख घालून ठेवलेली होती, आकड्यांसाठी पाच ओळी मोकळ्या सोडून.